धुतलेलं मीठ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझी फाइल मिळाली. माझ्या मोबाइलवर उघडेना, म्हणून खालच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. वर्षभरात ५२ पुस्तकं वाचायचं ठरवलं होतंस, ३८ झाली. पुस्तकाचं नाव, पानं, सुरू केल्याची तारीख, संपवल्याची तारीख, पाचापैकी तारे आणि शेवटचा रकाना ‘काय मिळालं’. २९ पुस्तकांपुढे तू काही ना काही लिहिलं आहेस. ९ पुस्तकांपुढे रकाना कोरा. आणि खाली विचारलंयस, ‘काका, ही ९ वाया गेली का? पुढच्या वर्षी फक्त उपयोगाचीच वाचू का?’

वाचत राहा, छान चाललंय, असलं काही मी लिहिणार नाही. हिंजवडीच्या बसमध्ये उभ्यानं ३८ पुस्तकं संपवणाऱ्या मुलीला ते कशाला सांगायचं! मला राग आलाय तो त्या शेवटच्या रकान्याचा. चार दिवस झाले, डोक्यातून जात नाही. कारण असा रकाना मी ३६ वर्षं भरलाय. माझा समासात असायचा, इतकंच.

तुला माहीत आहे, मी मुद्रितशोधक. लोकांना वाटायचं, काय मजा आहे, दिवसभर वाचायचे पैसे मिळतात! सुरुवातीला आमच्याकडे खिळे जुळवून छपाई चालायची. समोर कॉपी-होल्डर बसायचा, तो मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचा आणि मी प्रुफावर पेन्सिल घेऊन मागे मागे जायचो. तो विरामचिन्हांसकट वाचायचा. ‘आई गेली पूर्णविराम परिच्छेद पोरगा दारात उभा होता स्वल्पविराम’. दिवाळी अंकांच्या दिवसांत, गणपती उठले की, अशा वीस-पंचवीस कथा हाताखालून जायच्या. चहाच्या वेळी कुणी विचारलं, कथा कशी आहे हो, तर मला सांगता यायचं नाही. तिसऱ्या पानावर ‘स्थिती’तली पहिली वेलांटी दीर्घ पडली होती, एवढं सांगता यायचं.

आता म्हणशील, ते तुमचं काम होतं. होतंच. आणि चांगलं केलं मी ते. एका अंकाच्या संपादकीयात ‘चिंतामुक्त’ शब्दावरचं टिंब उडालं होतं आणि मशीनवर फर्मा चढायच्या आधी मी ते पकडलं. ‘चितामुक्त वाचकहो’ असं छापून गेलं असतं. कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बसावंच लागतं. हल्ली कुणी बसत नाही, रोजचं वर्तमानपत्र उघडलं की दिसतंच. असो. सांगायचं ते वेगळं आहे.

सांगायचं हे, की पेन्सिल खाली ठेव. काम संपलं की पेन्सिल खाली ठेवायची असते, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं म्हणा.

गेल्या वर्षी निवृत्त झालो आणि ठरवलं, आता मजेसाठी वाचायचं. तुझी ३८ आणि माझी मोजून सात झाली. पहिले चार महिने तर एकही धड नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तरुणपणी वाचायची राहिली होती (मी मराठीच्या धंद्यातला माणूस, तेव्हा ही गोष्ट चारचौघांत बोलू नकोस). घरात जुनी प्रत होती, जुन्या लेखनाची. १९६२चे शुद्धलेखनाचे नियम यायच्या आधीची. म्हणजे ‘कांहीं’वर दोन टिंबं, ‘नांव’वर एक, ‘घरांत’, ‘तें’, ‘कसें’. पानभर तीळ सांडल्यासारखे अनुस्वार. आणि माझा हात आपोआप हलायचा. खोटं नाही सांगत, बोटं चादरीवर काट मारायची. वीस पानं झाली की डोळे दुखायचे आणि विचारशील तर वाचलेलं एक अक्षर आठवायचं नाही.

आषाढात एका दुपारी वीज गेली. मळभ असं, की चार वाजता दिवेलागण वाटावी. खिडकीशी सरकून बसलो. त्या उजेडात अक्षरं दिसत होती, पण टिंबं दिसत नव्हती. टिंबं दिसेनात म्हणून मी नुसता वाचत गेलो. बाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन आलं. बाहेरून घरात येईल ती वस्तू धुऊन घ्यायची. मीठसुद्धा! मी इतक्या मोठ्यानं हसलो, की तुझी काकू हात पुसत बाहेर आली. तिला वाचून दाखवलं. तीही हसली, आणि आत जाता जाता म्हणाली, ‘धुतल्यावर राहत असेल किती?’

मग मात्र मला हसू येईना.

माझी धाकटी बहीण. १९८४ साली तिचं लग्न झालं, बार्शीकडच्या एका गावात दिली. मी तेव्हा वर्षभराचा मुद्रितशोधक होतो, म्हणजे अंगात नवं वारं. तिचं पहिलं पत्र आलं, निळं आंतरदेशीय. कडेपर्यंत लिहिलेलं, घडीच्या आतसुद्धा. विहीर लांब आहे, सासूबाई बऱ्या आहेत, इथल्या भाकरीला आपल्यासारखा पापुद्रा सुटत नाही, रात्री अंगणात झोपलं की रेल्वेचा आवाज येतो, असलं. मी लाल पेन घेतलं आणि ते पत्र तपासून तिला परत पाठवलं. समासात खुणा, खाली एकूण चुका २३. गंमत म्हणून, बरं का. मला खरंच ती गंमत वाटली होती.

त्यानंतर तिनं मला पत्र लिहिलं नाही. मेहुण्यांची कार्डं यायची, ‘इकडील सर्व क्षेम’. पुढे फोन आले आणि तो विषयच संपला. रेल्वेचा आवाज तिला आवडायचा की त्यानं माहेर आठवून रडू यायचं, हे त्या पत्रात लिहिलेलं होतं. मी तेवीस वेळा त्या वाक्यांवरून गेलो आणि मला ते आठवत नाही. ‘विहीर’मधला ‘वि’ तिनं दीर्घ काढला होता, हे आठवतं.

म्हणून तुझा रकाना पाहून डोकं फिरलं. तू चुका काढत नाहीस, कबूल. तू ‘बोध’ काढतेस. पण पेन्सिल तीच आहे गं! कुणी ऱ्हस्व-दीर्घ शोधतो, कुणी उपयोग शोधतो, दोघंही मीठ धुतात. एका कादंबरीपुढे तू ‘वेळेचं नियोजन’ असं लिहिलं आहेस. ती कादंबरी मला माहीत आहे. त्यातला माणूस उभा जन्म बायकोशी एक वाक्य बोलायचं लांबवत राहतो. वेळेचं नियोजन!

रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल.

त्या ९ कोऱ्या रकान्यांचं मला विचारू नकोस. तीच तुझी खरी पुस्तकं, असं म्हणून तुला खूश करता आलं असतं. पण त्यातली दोन-तीन रद्दी असतील आणि एखाद्यानं तुझी झोप उडवली असेल. मला कुठून कळणार? तुला कळेल, पण रकाना भरायला बसलीस तर कळायचं नाही. पेन्सिल खाली ठेवलीस तर कदाचित. बसमध्ये स्टॉप चुकला होता का कधी? कुठलं पुस्तक होतं तेव्हा हातात? ते फाइलमध्ये नाही बघ.

पुढच्या वर्षी ५२ वाच, नाहीतर पाच वाच. आवडलं नाही तर चाळिसाव्या पानावर टाकून दे, आवडलं तर पुन्हा पहिल्यापासून घे. हा उपदेश मी आत्ता आत्ता शिकलोय, त्यामुळे जरा जोरात करतोय. तुला म्हणून हे लिहायला बसलो आणि अर्धं माझंच झालं, तेही कळतंय मला.

परवा बहिणीला फोन केला. म्हटलं, ते निळं पत्र आठवतं का गं? ती म्हणाली, ‘कुठलं पत्र?’ तिला खरंच आठवत नाही, की तिनं माझी लाज राखली, काही पत्ता लागला नाही. मी म्हटलं, मला एक पत्र लिही. ती हसली, म्हणाली, आता काय लिहायचं, रोज तर बोलतो.

संध्याकाळी तिनं व्हॉट्सॲपवर अंगणातल्या पारिजातकाचा फोटो पाठवला. खाली दोन ओळी. दोन ओळींत चार चुका.

मोजल्या गं. सुटत नाही. पण मग चष्मा काढून ठेवला, मोबाइल काकूच्या हातात दिला आणि तिला म्हटलं, तू वाचून दाखव.

रविवारी ये. ‘स्मृतिचित्रे’ काढून ठेवलंय, बांधणी उसवली आहे, जपून ने. परत कधी द्यायचं ते विचारू नकोस आणि ती फाइल आणू नकोस.

तुझा,
काका