आई-बाबांबरोबर अलास्का क्रूझ: आधी बंदर ठरवा, बोट नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं ऑस्टिनला, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. आई-बाबा मेअखेरीला नाशिकहून येतायत, दोघंही सत्तरीच्या आसपास. जुलैमध्ये त्यांना सात रात्रींची अलास्का क्रूझ करवायची आहे. आईंना कसारा घाटातसुद्धा गाडी लागते, बाबांचे गुडघे बोलतात, दोघंही शाकाहारी. आणि विचारलंय, 'कुठली बोट चांगली?'

आम्ही सिएटलजवळ राहतो. अलास्का तीनदा झालंय: एकदा माझे आई-बाबा, एकदा सासू-सासरे आणि एकदा आम्ही दोघंच. त्यावरून सांगते, बोट हा या यादीतला सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. आधी पासपोर्ट, मग बंदर, मग रस्ता. एवढं ठरलं की समोर दोन-तीनच बोटी उरतात आणि त्या सगळ्या साधारण सारख्याच असतात.

पासपोर्टचं आधी बोलू, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. 'सिएटलहून सुटून सिएटललाच परत येते, म्हणजे बाहेर गेलोच नाही' असा समज सर्रास आहे. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. त्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतल्या बंदरातून निघून, मध्ये परदेशी बंदर न घेता, अमेरिकेतल्या बंदरात प्रवासी उतरवता येत नाहीत. मोठ्या क्रूझ बोटी जवळजवळ सगळ्या परदेशी झेंड्याच्या. म्हणून सिएटलच्या बोटी वाटेत कॅनडाचं व्हिक्टोरिया घेतात, बहुतेकदा शेवटच्या संध्याकाळी, चार-पाच तासांसाठी. त्या चार तासांसाठी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो. 'आम्ही खाली उतरणारच नाही' हे चेक-इनच्या काउंटरवर चालत नाही. ग्रीनकार्डवाल्यांना हा व्हिसा लागत नाही, पण तुम्हा चौघांना लागणार.

सासू-सासऱ्यांच्या वेळी आमच्या एजंटने छातीठोकपणे सांगितलं होतं, 'काही लागत नाही, व्हिक्टोरिया म्हणजे नुसता टाइमपास.' निघायच्या सहा आठवडे आधी मी सहज बोटीच्या कंपनीची कागदपत्रांची यादी उघडली आणि माझ्या पोटात गोळा आला. व्हिसा मिळाला, पण निघायच्या नऊ दिवस आधी. ते पाच आठवडे सासरे रोज सकाळी चहाबरोबर विचारायचे, 'आलं का गं कॅनडाचं पत्र?'

तेव्हा आई-बाबांना नाशिकहून निघण्याआधीच अर्ज करायला सांगा. अर्ज ऑनलाइन असतो, फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर, बोटांच्या ठशांचे ८५ वेगळे, आणि ठसे द्यायला व्हीएफएस या व्हिसा-अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात जावं लागतं. इथे आल्यावरही अर्ज करता येतो, पण पासपोर्टवर शिक्का घ्यायला तो पाठवावा लागतो आणि तेवढे दिवस घरातले सगळे श्वास रोखून बसतात. त्यांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, तेही बघा. आणि तुमच्या स्वतःच्या पासपोर्टवरचा एच-१बीचा शिक्का संपलाय का? कॅनडात ३० दिवसांपेक्षा कमी राहून आलात तर वैध आय-९४ च्या, म्हणजे अमेरिकेत राहायच्या मुदतीच्या नोंदीच्या, जोरावर परत येता येतं, अट एवढीच की तिकडे असताना नव्या व्हिसाचा अर्ज करायचा नाही. तरी कंपनीच्या वकिलाला एक मेल टाकाच. आय-९४ छापून जवळ ठेवा.

आता बंदर. कॅनडाचा व्हिसा काढावाच लागणार असेल, तर व्हँकुव्हरहून का निघू नये? तुमच्या बाबतीत माझं मत व्हँकुव्हरकडेच झुकतं, आणि त्याचं कारण कसारा घाट. व्हँकुव्हरच्या बोटी व्हँकुव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या आडोशाच्या पाण्यातून वर जातात. तिथे इतकं शांत असतं की चहाच्या कपात तरंग उठत नाही. सिएटलच्या बोटी बहुधा बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिकमधून जातात. दोन्ही मार्गांवर वर गेल्यावर पाणी शांतच असतं, पण सिएटलहून जाताना पहिला समुद्रातला दिवस आणि परतीचा दिवस हे आईंसारख्यांना जड जातात. माझ्या आईला बोट लागली ती याच टप्प्यात. दीड दिवस ती सुंठ चघळत आडवी पडून होती आणि मला म्हणत होती, 'तू जा गं वर, मी बघते इथूनच.' इथून म्हणजे छताकडे.

सिएटलच्या बाजूने एकच मोठा मुद्दा: विमानं स्वस्त आणि देशांतर्गत. आईंना त्रास होत नसता तर मीही सिएटलच सांगितलं असतं.

व्हँकुव्हरला पोचायचं कसं? सरळ विमानाने गेलात तर विमानतळावरून कॅनडा लाइन ही मेट्रो धरा. साधारण २५ मिनिटांत वॉटरफ्रंट हे शेवटचं स्टेशन येतं आणि तिथून कॅनडा प्लेस हे क्रूझ टर्मिनल चार पावलांवर आहे. टॅक्सीची गरजच नाही, बॅगा फार असतील तरच. दुसरा मार्ग आम्हाला जास्त आवडतो: सिएटलला उतरायचं, एक दिवस पाइक प्लेस मार्केट वगैरे दाखवायचं आणि किंग स्ट्रीट स्टेशनवरून अ‍ॅमट्रॅकची कॅस्केड्स गाडी घ्यायची. चार-साडेचार तासांचा प्रवास, बराचसा समुद्राच्या काठाकाठाने. बसताना डावीकडची खिडकी मागा. फक्त त्याच दिवशी बोट पकडायचा आचरटपणा करू नका. कुठल्याही बंदरातून निघा, आदल्या रात्री त्या गावात मुक्काम हवाच. विमान चुकलं तर दुसरं मिळतं, बोट थांबत नाही. ठरलेल्या वेळेच्या तास-दीड तास आधीच ती चढणं बंद करते.

कॅनडा प्लेसला एक गंमत आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच, बोटीवर चढण्याआधी होतं. एकाच दिवशी तीन बोटी असल्या की रांग शिर्डीसारखी वळसे घेत जाते. बाबांसाठी व्हीलचेअर आधीच बोटीच्या कंपनीकडे नोंदवा. लाजू देऊ नका त्यांना. माझ्या वडिलांनी सिएटलला 'मी काय म्हातारा आहे का' म्हणून नाकारली आणि दोन तास उभे राहिले. पुढचे दोन दिवस गुडघ्याला तेल चोळण्यात गेले.

तरीही सिएटलच घेतलंत, तर तिकिटावर धक्का क्रमांक वाचा. तिथे दोन टर्मिनल आहेत: पिअर ६६ अगदी शहरात, पाण्याकाठच्या रस्त्यावर, आणि पिअर ९१ तिथून उत्तरेला तीन-चार मैलांवर. चुकीच्या धक्क्यावर बॅगा घेऊन उतरलेली कुटुंबं मी स्वतः पाहिली आहेत. विमानतळावरून लाइट रेलने तीन डॉलरमध्ये पाऊण तासाच्या आत शहरात येता येतं, पण ती कुठल्याच धक्क्यापर्यंत जात नाही. शेवटचा तुकडा टॅक्सी किंवा उबरच.

रस्ता निवडताना एकच विचारा: ग्लेशियर बे आहे का? ते राष्ट्रीय उद्यान आहे, दिवसाला फक्त दोन मोठ्या बोटींना आत परवानगी असते, आणि ती मोजक्या कंपन्यांकडे. उद्यानाचे रेंजर सकाळी बोटीवर चढतात आणि स्पीकरवरून माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीसमोर बोट बराच वेळ उभी राहते, सावकाश वळते, त्यामुळे डावी खोली की उजवी हा वाद व्यर्थ. बर्फाचा कडा सुटून पाण्यात पडतो तेव्हा तो आधी दिसतो आणि आवाज नंतर येतो. सासूबाईंनी हात जोडले होते. ज्या बोटी इथे जात नाहीत त्या एंडिकॉट आर्म या खाडीत किंवा हबर्ड हिमनदीला जातात. तेही वाईट नाही, पण पहिल्यांदा आणि बहुधा एकदाच जाणाऱ्या आई-बाबांसाठी मी ग्लेशियर बे सोडणार नाही. बोटीवर वॉटरस्लाइड आहे की गो-कार्ट, याने तुमच्या चौघांना काय फरक पडतो?

प्रत्येक बंदरात किती तास मिळतात तेही बघा. जूनोमध्ये सहा तासांपेक्षा कमी असेल तर मजा जाते. मेंडेनहॉल हिमनदी गावापासून १२-१३ मैलांवर आहे. व्हिजिटर सेंटरजवळूनच ती छान दिसते आणि नगेट धबधब्याची पायवाट सपाट, जेमतेम मैलभर. बाबांनी काठी घेतली तर जमेल. स्कॅगवेला व्हाइट पासची रेल्वे घ्याच. १८९८ मध्ये सोन्याच्या धावपळीत बांधायला घेतली आणि १९०० मध्ये पूर्ण झाली. तीन फुटी नॅरोगेज, म्हणजे आपल्या माथेरानच्या राणीपेक्षा फूटभर रुंद. वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढते, आणि सगळं बसल्या जागी बघायचं, गुडघ्यांना सुट्टी. केचिकनला पाऊस गृहीत धरा. वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पडतो, मुंबईच्या दीडपटीहून जास्त. छत्री उलटी होते, रेनकोट घ्या. आणि माकडटोपी. हसू नका, डेकवर तिच्यासारखं काही नाही.

कधीकधी धक्का रिकामा नसला की मोठी बोट खोल पाण्यात उभी राहते आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. त्याला टेंडर म्हणतात. माझे सासरे जयगडकडचे. हे पाहून एकदम खुलले: 'अगं, हा तर पडाव!' भाऊच्या धक्क्यावरून निघालेली कोकणबोट अशीच लांब उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावात उतरायच्या. सगळ्या प्रवासात त्यांना हिमनदीपेक्षा हेच जास्त आवडलं असावं. पण गुडघ्यांचा विचार करून, पायऱ्या हलत असतात, हे बाबांना आधी सांगून ठेवा.

खोली: आई-बाबांना बाल्कनी, मधल्या भागातली आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावरची. तिथे हेलकावा सर्वांत कमी. तुम्ही दोघं समोरची बिनखिडकीची स्वस्त खोली घ्या आणि दिवसभर त्यांच्या बाल्कनीत चहा प्या. 'गॅरंटी' नावाखाली स्वस्तात मिळणारी खोली घेऊ नका, ती कुठे मिळेल ते कंपनी ठरवते. बोट लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून इथे येतानाच आणा. या वयात बीपीच्या गोळ्यांबरोबर मनाने काही घेऊ नये.

जेवणाची काळजी वाटते तितकी नाही. बुकिंग झाल्यावर लगेच 'इंडियन व्हेजिटेरियन' लिहून पाठवा आणि पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला भेटा. उद्याची भाजी आज सांगायची. क्रूझवर गोव्याची आणि मुंबईची माणसं बरीच असतात. आमचा वेटर मडगावचा निघाला आणि तिसऱ्या दिवसापासून सासूबाईंच्या ताटात न सांगता वरण येऊ लागलं. घरी केलेलं अन्न आणि विजेची किटली चढू देत नाहीत. बंद पाकिटातला चिवडा, भडंग, लोणचं चालतं. सफरचंद मात्र खिशात घालून बंदरावर उतरू नका.

पैशाबाबत, जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका. कर, बंदराचे शुल्क, आणि माणशी दिवसाला १६ ते २० डॉलर टिप धरा. चौघांची सात दिवसांची टिपच साडेचारशे ते साडेपाचशे डॉलर होते. दारू न पिणाऱ्यांनी ड्रिंक्स पॅकेजच्या नादी लागू नये. आई-बाबांच्या विम्यात बोटीवरचे उपचार आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च धरलाय का, हे लेखी विचारा. बोटीवरच्या दवाखान्याचं बिल तिथेच भरावं लागतं. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर समुद्रातल्या नेटवर्कचं बिल घरी वाट बघत असतं. आणि अलास्काचं घड्याळ सिएटल-व्हँकुव्हरच्या एक तास मागे असतं. बंदरावर उतरताना बोटीचं घड्याळ पाळायचं, फोनचं नाही.

चढताना बॅगा धक्क्यावर देऊन टाकतात आणि त्या खोलीत पोचायला संध्याकाळ होते. त्यामुळे औषधं, पासपोर्ट, चष्मे, एक स्वेटर हातातल्या पिशवीतच. परतीला बोट सकाळी लवकर लागते, पण उतरायला नऊ-साडेनऊ होतात. दुपारी एकच्या आधीचं विमान घेऊ नका. व्हँकुव्हरहून दोनच्याही आधीचं नको, कारण विमानतळावर पुन्हा अमेरिकेचं इमिग्रेशन आहे. सिएटलला काही ठराविक विमानकंपन्यांच्या प्रवाशांच्या बॅगा बोटीवरून थेट विमानात पोचवायची फुकट सोय आहे, त्याची नोंदणी बोटीवर असतानाच करायची.

आणि कॅनडाचा व्हिसा वेळेत नाहीच आला, तर नशिबाला दोष देत बसू नका. विमानाने अँकरेजला जा, तिथून समुद्राकाठच्या रेल्वेने स्युअर्डला, आणि केनाई फ्योर्ड्सची दिवसभराची बोट घ्या. हिमनदी, देवमासे, सगळं दिसतं आणि रात्री जमिनीवर झोपायचं. आईंना कदाचित हेच जास्त आवडेल, पण त्या दिवसभराच्या बोटीत उघडा समुद्र थोडा लागतो, म्हणून सुंठ तेव्हाही बरोबर असू द्या.

तारखा नक्की झाल्या की इथेच लिहा, त्या आठवड्यात व्हँकुव्हरहून ग्लेशियर बेला कुठल्या बोटी जातात ते बघून सांगते.