‘खापर फोडणे’ म्हणजे नुसते दोष देणे का?

‘चौकशी समितीने पूल कोसळल्याचे खापर अभियंत्यावर फोडले’ हे वाक्य बरोबर आहे का, असे आपण विचारले आहे. व्याकरणदृष्ट्या ते बिनचूक आहे. मात्र ते लिहिताना आपण अभियंत्याबरोबर समितीविषयीही मत देऊन बसतो, आणि ते आपल्याला अभिप्रेत आहे का, हे आधी ठरवावे लागेल.

खापर म्हणजे मातीचे भांडे किंवा त्याचा फुटका तुकडा. ते कुणाच्या माथी फोडले असे आपण म्हणतो, तेव्हा काहीतरी बिघडलेले असते, जबाबदारी अनेकांची किंवा दुसऱ्याच कुणाची असते, आणि ती एकाच्या डोक्यावर टाकून इतर मोकळे झालेले असतात. हा अन्यायाचा सूर वाक्प्रचारातच मुरलेला आहे. म्हणून ‘मी त्याला दोष दिला’ असे आपण सहज म्हणतो, पण ‘मी त्याच्यावर खापर फोडले’ असे म्हणणारा माणूस स्वतःची चूक कबूल करत असतो. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण शब्दकोशात दिलेल्या ‘दोष देणे’ एवढ्या अर्थात तो हरवून जातो.

चौकशीअंती, पुरावे पाहून, अधिकाराने दोष दाखवला असेल तर ‘ठपका ठेवला’ हाच शब्द योग्य. ‘आळ’ याहून वेगळा आहे. आळ कृत्याचा येतो, बहुधा खोटा असतो आणि ज्याच्यावर येतो त्याच्या चारित्र्याला डाग लावतो; गणेश चतुर्थीला चंद्र पाहिल्यास चोरीचा आळ येतो, ही समजूत आणि कृष्णावर आलेला स्यमंतक मण्याचा आळ सर्वांना ठाऊक आहे. येथे ‘चोरीचे खापर’ म्हणून चालणार नाही, तसेच ‘पराभवाचा आळ’ही कानाला खटकेल, कारण खापर अपयशाचे किंवा नुकसानीचे असते. नशिबाला किंवा स्वतःला मात्र आपण बोल लावतो.

तेव्हा समितीचा निष्कर्ष केवळ कळवायचा असेल, तर ‘समितीने अभियंत्यावर ठपका ठेवला’ असे लिहावे. ठेकेदार आणि वरिष्ठ नामानिराळे राहिले, असे आपले साधार मत असेल, तर ‘खापर फोडले’ जरूर लिहावे. ‘अभियंत्यावर खापर फुटले’ ही रचना मात्र मी टाळेन, कारण तिच्यात खापर फोडणाराच दिसेनासा होतो.