१५ अश्वशक्तीची मोटर आणि शर्यतीची होडी: आधी तळ, मग बाकीचे

कृष्णेत वल्ह्यांच्या शर्यतीला उतरणारी एक जुनी लांब होडी आणि १५ अश्वशक्तीची टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून टांगायची) मोटर आपल्याकडे आहे. या दोन्हींची सांगड घालून वेगाची होडी होईल का, आणि होणार नसेल तर नवी कशी बांधावी, असे आपण विचारले आहे. सांगड घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वल्ह्याची होडी पाणी कापत जाते आणि तिचा तळ मागच्या बाजूस वर वळत गेलेला असतो, म्हणजे कापलेले पाणी मागे गुपचूप मिटते. अशा होडीला २५ फूट लांबी असली तरी ताशी साधारण १२ किलोमीटरच्या पुढे ती स्वतःच्याच लाटेत अडकते. फार निमुळती असेल तर ही मर्यादा थोडी ओलांडते, इतकेच. त्यापुढे मोटर जितकी पिळावी तितकी पिछाडी खाली बसते आणि नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, आभाळाकडे जाते.

मोटरच्या शर्यतीची होडी पाणी कापत नाही, ती पाण्यावर चढून घसरते. त्यासाठी मागचा तळ रुंद व सपाट हवा, आणि मागच्या उभ्या फळीशी तो धारदार कडेने तुटलेला हवा. पहिल्या होडीसाठी साडेदहा फूट लांब, तळाशी सुमारे चार फूट रुंद, नाळेकडे उथळ ‘व्ही’ आणि मागे जवळजवळ सपाट असा साधा रनअबाउट, म्हणजे छोटी उघडी मोटरहोडी, घ्यावा. आपण ज्या जोडतळाच्या (शेजारी-शेजारी दोन तळ असलेल्या) होड्यांचा उल्लेख केला आहे, त्या नोव्हेंबर २०१८ मध्ये आंध्रातील अमरावतीच्या एफ-वन एच-टू-ओ या मोटरहोड्यांच्या जागतिक शर्यतीत याच कृष्णेवर धावल्या हे खरे. पण त्यांच्यामागे अडीच लिटरची, सुमारे ४०० अश्वशक्तीची व्ही-सिक्स मोटर असते आणि दोन तळांमधून शिरणारी हवा त्यांना उचलून धरते. आपल्या वेगाला ती हवा काहीच उचलणार नाही, जोडतळामुळे फक्त होडीचे वजन वाढेल.

आता मुख्य गोष्ट. मागच्या फळीपासून पुढे चार-साडेचार फुटांपर्यंतचा तळ लांबीच्या दिशेने काटेकोर सरळ असला पाहिजे. तेथे तळ खाली फुगला असेल, तर वेग आल्यावर होडी बेडकासारखी डुचमळू लागते. उलट फळीजवळ तळ किंचित खाली वळला असेल, तर नाळ दाबली जाते आणि वेग मरतो. दोन-तीन मिलिमीटरचा दोषही जाणवतो. म्हणून होडी उपडी असताना अॅल्युमिनियमचा सरळ चौकोनी पाइप तळावर लांबीने ठेवावा, पलीकडून बॅटरीचा उजेड पाडावा आणि खालून प्रकाश कोठे झिरपतो ते पाहावे. हे काम फायबरचा शेवटचा थर देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर असे दोन्ही वेळा करावे. सुतार मंडळींना कडा गोल करण्याची सवय असते. मागच्या कडा मात्र त्यांना गोल करू देऊ नयेत, कारण गोल कडेला पाणी चिकटून वर चढते. बाजूच्या कडांना पुढच्या भागात तिरपा उतार ठेवावा, म्हणजे वळणावर होडी अडखळून उलटण्याऐवजी घसरेल.

प्लायवूड आयएस ७१० शिक्क्याचे मरीनच घ्यावे. आपल्याकडचे हे प्लाय जड असते. ८ बाय ४ फुटांचा ६ मिलिमीटरचा एक ताव १२ ते १३ किलो भरतो. त्यामुळे तळाला ६ मिलिमीटर व आतून लांबीच्या पट्ट्या, आणि बाजू व वरचे झाकण ४ मिलिमीटर, एवढ्यावर थांबावे. मोटर सोडून होडी ६० किलोच्या आत बसली पाहिजे. आठ फुटांचा ताव अपुरा पडतो, म्हणून जोड द्यावा लागेल. तो एकास आठ उताराचा, म्हणजे ६ मिलिमीटरला ४८ मिलिमीटर लांबीचा करावा आणि नाळेच्या बाजूस ठेवावा. पॉलिस्टर रेझिन स्वस्त मिळते, पण लाकडाला ते नीट धरत नाही, इपॉक्सीच वापरावे. मे महिन्यात सांगलीच्या उन्हात ते डब्यातच तापून घट्ट होते, म्हणून पसरट ताटात थोडे थोडे कालवावे. पावसाळी दमट हवेत त्यावर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने धुऊन, घासूनच पुढचा हात द्यावा.

मोटरचा दांडा आखूड असेल तर मागची फळी १५ इंच उंच ठेवावी. प्रोपेलरवरची आडवी पट्टी प्रथम तळाच्या पातळीत ठेवून, मग पाव-पाव इंच वर घेत चाचणी करावी. वळणावर मोटर एकदम किंचाळू लागली, म्हणजे प्रोपेलर हवा ओढू लागला. तेथून एक पायरी खाली यावे आणि थंडाव्याचे पाणी बाहेर पडते आहे ना, ते पाहावे. मोटरचे मिनिटाला ५५०० फेरे, दोनास एक गिअर आणि १० इंच पिच (प्रोपेलर एका फेऱ्यात गणिताने जितका पुढे जातो ते अंतर) असेल, तर गणिताने ताशी ४२ किलोमीटर येतात. घसरण वजा जाता ३५ च्या आसपास हाती लागतात. तेवढे मिळत नसतील तर मोटरला दोष देण्याआधी तळ पुन्हा पाहावा. त्याहून जास्त हवे असतील तर मोटरला पेलेल इतके पिच वाढवावे. चालकाने गुडघ्यावर बसावे, म्हणजे वजन मागेपुढे सरकवता येते. होडी सरळ जात असताना थोडे उजवीकडे सरकावे, कारण प्रोपेलरच्या पिळामुळे डावी बाजू दबते.

जागेबद्दल आपण शिवसागराचा, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचा, विचार बोलून दाखवला आहे. तो जलाशय कोयना अभयारण्याला लागून आहे आणि बामणोली-तापोळ्याच्या प्रवासी बोटीही तेथेच फिरतात. तो विचार सोडून द्यावा. सांगलीच्या आसपास नदीत मगरी आहेत, काठाला उपसा योजनांचे पाइप आहेत, आणि जलपर्णीचा एक झुबका मोटरचे पाणी बंद करायला पुरेसा होतो. तेव्हा पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी आणि इनलँड व्हेसल्स कायदा २०२१ खालील नोंदणीची चौकशी आधी करावी. पाण्यात उतरताना जीवरक्षक जाकीट व हेल्मेट तर हवेच, शिवाय मोटर बंद करणारी दोरी मनगटाला किंवा जाकिटाला बांधलेली असल्याखेरीज मोटर चालूच करू नये. तळाचा आराखडा काढल्यावर मागच्या साडेचार फुटांची मापे येथे द्यावीत. प्लाय कापण्यापूर्वी ती पाहून सांगतो.