मुंबई लोकलला परदेशी कर्ज मिळालं, त्यातून आपल्याला काय मिळालं?

प्रश्न असा आहे: मुंबईच्या लोकलसाठी जागतिक बँकेसारख्या संस्थांनी कर्ज दिलं, वर अटीही घातल्या. स्वस्त व्याज सोडलं तर सामान्य माणसाच्या पदरात यातून काही पडतं का, की नुसता बोजा?

मी रुळांच्या कडेला वाढलेली आहे. त्यामुळे माझं उत्तर तटस्थ नाही, हे आधीच सांगते.

कुर्ला आणि विद्याविहारच्या मध्ये आमची पत्र्याची झोपडी होती. गाडी गेली की मांडणीवरची ताटं वाजायची. पाहुणे दचकायचे, आम्ही बोलता बोलता तेवढं वाक्य थांबवून पुढे सुरू करायचो. रुळांपासून तीस फुटांच्या आत वस्ती असली की मोटरमनला वेग ताशी 15 किलोमीटरवर आणावा लागे. म्हणजे डोंबिवलीहून लटकत येणारा माणूस आमच्यामुळे खोळंबायचा, आणि आमच्यातलं कुणीतरी दर वर्षी रूळ ओलांडताना जायचं. पाणी भरायला पलीकडेच जावं लागायचं ना.

मग एके दिवशी सर्व्हेवाले आले. पत्र्यावर लाल रंगात नंबर टाकला, दाराबाहेर आम्हा सगळ्यांना उभं करून फोटो काढला. आई दिवाळीला पत्रा धुवायची, पण त्या नंबराच्या भोवतीनंच फडकं फिरवायची. तो पुसला गेला तर आपण कुठल्याच यादीत नसू, ही भीती.

भीती उगाच नव्हती. ज्याच्या नावावर जमीन नाही तो कायद्याच्या नजरेत अतिक्रमण करणारा, आणि अतिक्रमणाला भरपाई कसली? पण मुंबई नागरी परिवहन प्रकल्प, म्हणजे एमयूटीपी, याच्या कर्जाची अटच होती की कागद असो वा नसो, प्रकल्पामुळे ज्याचं घर जातं त्याला आधी घर द्यायचं, मग पाडायचं. राज्य सरकारनं त्यासाठी 1997 मध्ये वेगळं पुनर्वसन धोरण आणलं. घर 225 चौरस फुटांचं. जागतिक बँकेनं जून 2002 मध्ये 54.2 कोटी डॉलर मंजूर केले. सुमारे 1,20,000 माणसं हलवायची होती. एखादा छोटा तालुका उचलून दुसरीकडे ठेवण्यासारखंच ते.

आता बोजा. आहेच की. 2002 मध्ये डॉलर 49 रुपयांच्या आसपास होता, 2022 मध्ये त्यानं ऐंशी ओलांडली. व्याज कमी दिसतं, पण मुद्दल डॉलरमध्ये मोजायचं असतं, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. आणि फेडतं कोण? रेल्वे आणि राज्य सरकार, म्हणजे शेवटी आपणच. लोकलच्या तिकिटा-पासावर एमयूटीपीचा अधिभार लावला होता, तो यासाठीच. ज्यांना हे फुकटचं दान वाटतं त्यांनी आपला जुना पास काढून बघावा.

त्या पैशातून काय आलं ते रोज दिसतं. कुर्ला–ठाणे, बोरिवली–विरारला जादा मार्ग, आणि नोव्हेंबर 2007 पासून त्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्या, छतातून हवा सोडणाऱ्या. पहिल्यांदा बसले तेव्हा घाम न पुसता मी पूर्ण प्रवास केला! ब्रेक लागला की या गाड्यांच्या मोटरी वीज तयार करून वरच्या तारेत परत सोडतात, साधारण तिसरा हिस्सा वीज त्यातून वाचते. याच काळात लोकलची सगळी लाइन जुन्या 1500 व्होल्ट डीसी विजेवरून 25,000 व्होल्ट एसी विजेवर नेली, हार्बर सर्वात शेवटी, 2016 मध्ये. ‘हरित वाहतूक’ म्हणतात ती मला तरी अशीच भेटली.

पण मला विचाराल तर सगळ्यात मोलाची गोष्ट ना गाडी आहे ना घर. 1993 मध्ये जागतिक बँकेनं ‘इन्स्पेक्शन पॅनेल’ नावाची एक चौकशी समिती नेमली आणि तिचं दार प्रकल्पग्रस्तांना उघडं ठेवलं. 2004 मध्ये याच प्रकल्पातल्या कुर्ल्याकडच्या रस्त्याच्या कामात ज्यांची दुकानं जात होती ते तिथे गेले. मोठं दुकान असो वा टपरी, सगळ्यांना 225 फूटच? गिऱ्हाईक मागे राहिलं त्याचं काय? पॅनेलनं चौकशी केली, डिसेंबर 2005 च्या अहवालात बँकेच्याच चुका दाखवल्या, आणि मार्च 2006 मध्ये बँकेनं रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे रोखले. तीन-चार महिन्यांनी सुधारणांच्या बोलीवर ते परत सुरू झाले. कुर्ल्याचे दुकानदार वॉशिंग्टनच्या बँकेचा हप्ता थांबवतात, हे आमच्या वस्तीत महिनाभर गप्पांना पुरलं होतं.

घराचा ताबा मिळाला की अटींचा जोर ओसरतो, हे मात्र लिहायलाच हवं. आम्हाला मानखुर्दकडे पाचव्या मजल्यावर खोली मिळाली, नळ घरात, संडास घरात. आईनं पहिल्या दिवशी तीनदा भांडी घासली, नुसतं पाणी येतंय म्हणून. मग लिफ्ट बंद पडली. ठेकेदार आज येतो, उद्या येतो. सोसायटीत निम्म्यांचा मेंटेनन्स थकलेला, कारण झोपडीला मेंटेनन्स कधी नव्हताच. आजीला संधिवात, ती अकरा महिने खाली उतरली नाही. कर्जाच्या करारात लिफ्ट बसवण्याचा खर्च असतो, ती चालू ठेवण्याची जबाबदारी कुणाची, त्यावर बैठका होतात.

हे जुनं झालं म्हणू नका. एमयूटीपी-3 ला आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेनं, म्हणजे एआयआयबीनं, 2020 मध्ये 50 कोटी डॉलर दिले. त्यात रूळ ओलांडणं थांबवण्यासाठी कुंपणं आणि पादचारी पूल आहेत. आजही लोकलच्या मार्गावर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, तेव्हा ते हवेतच. एमयूटीपी-3 मधल्याच ऐरोली–कळवा उन्नत मार्गाच्या कामातलं दिघा स्टेशन जानेवारी 2024 मध्ये सुरू झालं, पण मार्ग वर्षानुवर्षं अडला तो कळव्याच्या झोपड्यांच्या पुनर्वसनावरच.

तर तुमच्या घरावरून असा एखादा मार्ग जाणार असेल, तर व्याजदर सोडा, पुनर्वसन आराखडा मागा. तो लोकांसमोर ठेवणं या बँकांना बंधनकारक असतं. जागतिक बँकेच्या पॅनेलकडे तक्रारीला वकील लागत नाही, फी नाही, दोन बाधित माणसं पुरतात आणि मराठीतही लिहिता येतं. एआयआयबीचीही अशी वेगळी तक्रार-यंत्रणा आहे. आणि सर्व्हेवाले आले की नंबर टाकलेल्या पत्र्यासकट घरातल्या सगळ्यांचा एक फोटो आपल्याही मोबाइलमध्ये काढून ठेवा.