ट्रेड पॉलिसीवर रिसर्च करणारे प्रोफेसर दिवसभर नक्की करतात तरी काय?

तुम्ही एमए इकॉनॉमिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहात, आंतरराष्ट्रीय व्यापार आणि डेव्हलपमेंट ह्यात पीएचडी करायचं डोक्यात आहे, आणि ही माणसं दिवसभर करतात काय न् ह्यात करिअर होतं का असं विचारलंय. मी ह्याच विषयात पीएचडी करून आता एका युनिव्हर्सिटीत शिकवते, तर मला जे दिसतं ते सांगते.

टीव्हीवर 'मुक्त व्यापार बरा की वाईट' ह्यावर तावातावाने बोलणं हे आमचं काम नाही. सरकारने एखादी ड्युटी लावली किंवा काढली तर पैसे कुणाच्या खिशातून गेले आणि कुणाच्या खिशात आले, हे पुराव्यानिशी शोधायचं, बस. आणि त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ तारखा आणि कोड जुळवण्यात जातो.

कांद्याचंच बघा ना. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के ड्युटी, ऑक्टोबर संपता संपता टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य (म्हणजे त्याहून स्वस्त बाहेर विकायचा नाही), ८ डिसेंबरला सरळ बंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठली पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के ड्युटी होतीच, सप्टेंबरमध्ये अट गेली न् ड्युटी २० वर आली, १ एप्रिल २०२५ पासून तीही गेली. ड्युटी लावतं अर्थ मंत्रालय, बंदी आणि किमान मूल्य डीजीएफटी (वाणिज्य मंत्रालयाचं परदेशी व्यापाराचं खातं), म्हणजे दोन ठिकाणची नोटिफिकेशन्स एकाखाली एक लावत बसायची. आता लासलगावला डिसेंबरात भाव पडला तो बंदीमुळे की लाल कांद्याची आवक तशीही तेव्हा वाढते म्हणून? इथे खरा पेपर सुरू होतो. बेंगलोर रोझ जातीला ड्युटीतून सूट मिळाली होती, म्हटलं तर तुलनेला आयता कांदा मिळाला, पण तो मुख्यतः एक्स्पोर्टसाठीच पिकवतात, त्यामुळे रेफ्री (जर्नलसाठी पेपर तपासणारे तज्ज्ञ) पहिल्याच पानावर विचारणार की ही तुलना चालते कशी. वर ०७०३१० ह्या कस्टम्सच्या सहा आकडी कोडमध्ये कांदा आणि शॅलॉट (छोट्या कांद्याचा प्रकार) एकत्रच, पुढचे आठ आकडी कोड प्रत्येक देशाचे आपले आपले. ह्या भानगडीत ज्याला मजा येते त्यानेच इकडे यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

थिअरी नको असं नाही हं. व्यापाराच्या थिअरीतले नावाजलेले अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती ह्यांचं करिअर बघा, जन्म मुंबईचा, सिडनहॅम कॉलेज, मग केंब्रिज, एमआयटी, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, परत एमआयटी आणि १९८० पासून कोलंबिया. १९५८ चा त्यांचा पेपर, म्हणजे वय तेवीस-चोवीस, त्यात दाखवलंय की देशाने उत्पादन वाढवलं, जास्त माल बाहेर विकला, त्यामुळे जगात त्याचाच भाव इतका पडला की देश आधीपेक्षा गरीब झाला, असं होऊ शकतं. भाव पडतो हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला पेपर लागत नाही, पण कुठल्या अटींवर अख्ख्या देशाचं नुकसान होतं हे मांडायला लागतो. मग १९६३ मध्ये व्ही. के. रामस्वामींबरोबर त्यांनी मांडलं की दुखणं देशातल्या बाजारात असेल तर इलाज तिथेच करा, टॅरिफ, म्हणजे आयातीवरची ड्युटी, हा त्यावरचा सगळ्यात चांगला उपाय नव्हे. साठ वर्षं झाली तरी दर बजेटला हे नव्याने समजावून सांगावं लागतं, ते सोडा.

डेव्हलपमेंटची बाजू म्हणाल तर १९९१, म्हणजे आर्थिक सुधारणा सुरू झाल्या ते वर्ष, हा आमच्या लोकांसाठी खजिना आहे. सरासरी टॅरिफ ८० टक्क्यांच्या वर होतं ते १९९६ पर्यंत ३७ च्या आसपास आलं, आणि सगळं इतकं अचानक, आयएमएफच्या अटींखाली झालं की सुरुवातीला तरी उद्योगांना लॉबिंग करायला फारसा वेळ मिळाला नाही. पेटिया टोपालोव्हा ह्या अर्थतज्ज्ञ बाईने जिल्हावार आकडे लावून दाखवलं की ज्या ग्रामीण जिल्ह्यांवर टॅरिफकपातीचा मारा जास्त होता तिथे गरिबी कमी वेगाने घटली. हसन, मित्रा आणि उरल ह्यांनी राज्यवार आकडे घेतले तर त्यांना व्यापारामुळे गरिबी वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. धोरण तेच, देश तोच. हे वाचून चिडचिड होत असेल तर विचार करा, आणि 'मग खरं काय' म्हणून दोघांचा डेटा उघडावासा वाटला तर या खुशाल.

पब्लिशिंग म्हणजे निव्वळ चिकाटी. अमेरिकन अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमनचा व्यापारावरचा १९७९ चा पेपर आधी एका मोठ्या जर्नलने परत पाठवला होता, भगवतींनी रेफ्रींचे शेरे विरोधात असताना आपण संपादक असलेल्या जर्नलमध्ये छापला, आणि २००८ ला त्याच कामाला नोबेल. अर्थात प्रत्येकाला असा संपादक भेटत नाही, आपले बहुतेक पेपर नुसतेच परत येतात.

पैशाचं म्हणाल तर नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) मिळालं तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, त्यात पुण्या-मुंबईत भागतं एवढंच. इथे पीएचडीसाठी मुंबईची आयजीआयडीआर, पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, दिल्ली स्कूल, जेएनयू आहेत, बाहेर गेलात तर पाच-सहा वर्षं धरून चला. पर्मनंट पोस्ट उशिरा मिळते, घरचे लग्नाचं विचारत राहतात, तोवर थिंक टँक नाहीतर कन्सल्टिंगवर दिवस काढणारे मी बरेच पाहिलेत आणि त्यातले काही तिकडेच रमले, वाईट काही नाही त्यात.

आत्तापासून करायचंच तर मॅथ्स आणि इकॉनोमेट्रिक्स पक्कं करा, आर किंवा स्टाटा ही आकडेवारीची सॉफ्टवेअर शिका. आणि डाळ, साखर, तांदूळ असा कुठलाही एक माल धरून त्याची दहा वर्षांची सगळी नोटिफिकेशन्स तारखेवार एक्सेलमध्ये भरून बघा. दोन रविवारांत वैताग आला तर फॉर्मची फी तरी वाचेल.