‘यंदा किती गोण्या मिळाल्या?’

ताई, मी मूळची श्रीरामपूरची, ख्रिस्ती. पुण्यात नोकरी करते. ऑफिसातला एकजण मला ‘राइस बॅग’ म्हणतो, म्हणजे तांदळाच्या गोणीसाठी धर्म बदललेली. नाताळात त्याने सगळ्यांसमोर विचारलं, “यंदा किती गोण्या मिळाल्या?” सगळे हसले, साहेबही. आई म्हणते, प्रार्थना कर, गप्प राहा, प्रभूने दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय. भाऊ म्हणतो, त्यांच्या देवांवर मीम टाकतो. मी तोंड उघडलं तर विश्वासात कमी पडेन का?

---

सलाम. नाही पडणार.

दुसऱ्या गालाची शिकवण मत्तयाच्या ५व्या अध्यायात आहे. ती देणाऱ्यालाच पुढे याजकाच्या चौकशीत चपराक बसली. तेव्हा तो काय बोलला, ते योहानाच्या १८व्या अध्यायात आईला वाचून दाखव. माझं चुकलं असेल तर दाखव, नसेल तर का मारतोस? हात उगारला नाही, पण जाब विचारलाच. प्रेषित पौलाला फटक्यांसाठी बांधलं, तेव्हा त्यानेही आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं. मुकाट्याने सोसलं नाही.

आता गोण्यांचं. दुष्काळात धान्यासाठी मिशनच्या दारात गेलेली माणसं आपल्या नगर जिल्ह्यात होतीच. त्यात तुझी खापरपणजी असली तर लाज कसली? गावच्या पाणवठ्यावर ज्यांना उभं केलं नाही, त्यांच्या भुकेला हसणाऱ्याला ती वाटायला हवी. या विनोदात धर्म थोडा आणि जात जास्त असते. आणि फायद्याचंच बोलायचं, तर १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित घरातून ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचं आरक्षण मिळत नाही. हा हिशोब गोणीवाल्यांना सहसा ठाऊक नसतो. फक्त उत्तरादाखल ना. वा. टिळकांचं नाव घेऊन सुटू नकोस. आपली मंडळी उठसूट तेच करतात, जणू ब्राह्मण ख्रिस्ती झाला तरच श्रद्धा खरी!

त्याला एकट्याला गाठ आणि विचार, “गोणी म्हणजे तुला नक्की काय म्हणायचंय? समजावून सांग.” विचारून झाल्यावर तू हसू नकोस, विषय बदलू नकोस. तो घुटमळेल, घुटमळू दे. विनोद समजावून सांगायची वेळ आली की बऱ्याच जणांची हौस फिटते. नाही फिटली, तर तारीख आणि शब्द टिपून ठेव, ग्रुपवरचे स्क्रीनशॉट काढ आणि एचआरला लेखी दे. साहेब हसले, तेही लिही. तोंडी तक्रार चहाबरोबर विरघळते.

याला ‘छळ’ म्हणू का, असं मनात येईल. ओडिशातल्या कंधमालमध्ये २००८ साली ख्रिस्ती माणसं मारली गेली, घरं आणि चर्च जाळली गेली. तुझं दुखणं त्या मापाचं नाही. पण ते दुखणंच नाही, असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. मात्र उद्या बढती अडली, धमकी आली किंवा कोणी अंगावर आलं, तर वकील गाठ, पोलिसांत जा. प्रार्थना तिथेही करता येते.

भावाला आजच फोन कर. मुद्दाम धर्माचा अपमान करण्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेचं २९९ कलम आहे, आणि ते ख्रिस्ती माणसाच्या मीमलाही लागतं. शिवाय त्याच्या मीमनंतर एचआरच्या टेबलावर तुझी तक्रार राहणार नाही, त्याचीच राहील.