मुलाकडे डॅका, आईवडिलांकडे काहीच नाही: तडजोडीची वाट पाहावी का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमची मावसबहीण आणि तिचे यजमान २००३च्या अखेरीस चार वर्षांच्या मुलाला घेऊन टुरिस्ट व्हिसावर अमेरिकेत आले आणि इथेच राहिले. मुलगा आता नोकरी करतो, त्याच्याकडे डॅका आहे, म्हणजे लहानपणी इथे आणलेल्यांना मिळणारी हद्दपारीपासूनची तात्पुरती सवलत. धाकटी मुलगी इथेच जन्मली, सतरा वर्षांची आहे. ‘मुलांना नागरिकत्व, आईवडिलांना नुसता कामाचा परवाना’ अशा तडजोडीची चर्चा पुन्हा कानावर येते आहे. तर त्यांनी तिची वाट पाहावी, की गाशा गुंडाळून सांगलीला परतावं?

मी वकील नाही. न्यू जर्सीत मोफत सल्ला शिबिरांमध्ये फॉर्म भरायला आणि दुभाषी म्हणून बरीच वर्षं मदत करते आहे. त्या अनुभवावरून सांगते, आणि सगळ्यात आधी हे सांगते: चांगल्या इमिग्रेशन वकिलाला कागद दाखवल्याशिवाय दोघांपैकी कुणीही विमानात बसू नये. आई आजारी असली तरी, कुणाचं लग्न असलं तरी. हे लिहिताना जीव तुटतो, कारण वीस वर्षांत माहेरी-सासरी काय काय झालं असेल याची मला कल्पना आहे. पण १९९६च्या कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त बेकायदा राहिलेला माणूस देशाबाहेर पडला की दहा वर्षं परत येऊ शकत नाही. ही बंदी इथे असेपर्यंत लागत नाही, बाहेर पाऊल टाकल्यावर लागते. परतायचंच असेल तर ते पूर्ण समजून, ठरवून परता. भावनेच्या भरात नको.

आता तडजोडींबद्दल. माझं मत असं आहे की कुठलीही तडजोड आली की तिच्यात मुलांना काय मिळतं हे नंतर पाहावं, आईवडिलांचं कलम आधी वाचावं. खरा सौदा तिथे झालेला असतो.

१९८६ साली रेगन यांनी सही केलेल्या कायद्यात मुलं आणि आईवडील असा भेदच नव्हता. १ जानेवारी १९८२च्या आधीपासून जो इथे राहत होता, तो अर्ज करू शकत होता. शेतमजुरांची वेगळी योजना धरून सुमारे २७ लाख लोक त्या कायद्यामुळे कायदेशीर झाले. त्यानंतर एवढा मोठा कायदा झालेला नाही. २००१मध्ये डर्बिन आणि हॅच या दोन पक्षांच्या दोन सेनेटरांनी ड्रीम ॲक्ट आणला तेव्हापासून मांडणी बदलली. ‘या मुलांचा काही दोष नाही, त्यांना आणलं गेलं’ हा युक्तिवाद तेव्हा रुजला. तो खराच आहे. पण तो जितक्या वेळा म्हटला जातो, तितक्या वेळा ‘मग दोष कुणाचा?’ याचं उत्तर न बोलता दिलं जातं. २०१०मध्ये हेच विधेयक हाउसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, मंजूर झालं, पण सेनेटमध्ये ५५ मतं पडूनही अडलं, कारण चर्चा संपवायलाच ६० लागतात.

डॅका आलं ते १५ जून २०१२ला, कायदा म्हणून नव्हे, तर ओबामांच्या गृहसुरक्षा खात्याच्या आदेशानं. दोन वर्षांचा कामाचा परवाना आणि तेवढा काळ हद्दपारी पुढे ढकलणं, इतकंच. त्यातून ग्रीन कार्डाकडे रस्ता जात नाही.

२०१३चं सेनेटचं विधेयक मला आजही सगळ्यांत माणुसकीचं वाटतं. ६८ विरुद्ध ३२ मतांनी ते मंजूर झालं. ड्रीमर्सना, म्हणजे लहानपणी आणलेल्या मुलांना, पाच वर्षांत ग्रीन कार्ड, बाकी सगळ्यांना, म्हणजे आईवडिलांनाही, दंड आणि थकलेले कर भरून साधारण तेरा वर्षांत नागरिकत्वापर्यंत जाता आलं असतं. त्या बदल्यात सीमेवर कुंपण आणि जवळपास वीस हजार नवे गस्ती जवान. किंमत मोठी होती, पण घर एकत्र राहत होतं. हाउसमध्ये ते मतदानालाच आलं नाही.

२०१४ची गोष्ट तुमच्या बहिणीच्या घराला थेट लागू आहे. ओबामांनी डापा जाहीर केलं, आईवडिलांसाठी. लोकांना वाटलं ते ड्रीमर्सच्या आईवडिलांसाठी आहे. ते नव्हतं. ज्यांचं मूल अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे, त्यांच्यासाठीच ते होतं. न्याय खात्याच्या कायदा सल्लागारांचं म्हणणं होतं की डॅका असलेल्या मुलाला स्वतःलाच कायद्यानं स्थान नाही, तर त्याच्या आधारानं आईबापांना काय देणार? म्हणजे तुमच्या बहिणीला डापा मिळालं असतं ते मुलीमुळे, मुलामुळे नव्हे. पुढे टेक्सासच्या नेतृत्वाखाली २६ राज्यं कोर्टात गेली, स्थगिती आली, आणि २०१६मध्ये सुप्रीम कोर्टात ४-४ अशी बरोबरी होऊन ती कायम राहिली. डापाखाली एकही परवाना निघाला नाही.

२०१८च्या सुरुवातीला जे झालं त्याची नक्कल आज पुन्हा फिरते आहे, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त लिहिते. डर्बिन आणि ग्रॅहम या सेनेटरांच्या प्रस्तावात ड्रीमर्सना नागरिकत्वाचा मार्ग होता आणि त्यांच्या आईवडिलांना तीन वर्षांचा, पुन्हा वाढवता येणारा परवाना होता. अट अशी की मुलगा नागरिक झाला तरी आपल्याला बेकायदा आणणाऱ्या आईबापांसाठी त्याला अर्ज करता येणार नाही. अनेक कार्यकर्त्यांनी त्याला दुय्यम दर्जा म्हटलं. मला विचाराल तर मी तो प्रस्ताव हात पसरून घेतला असता. दर तीन वर्षांनी नवा करायचा का होईना, पण कागद हातात असलेली आई रोज दाराच्या टकटकीला दचकत नाही. व्हाइट हाउसनं तो फेटाळला. १५ फेब्रुवारीला सेनेटमध्ये चार प्रस्तावांवर मतदान झालं, चारही पडले. मध्यममार्गी सेनेटरांच्या प्रस्तावाला ५४ मतं मिळाली. त्यात १८ लाख तरुणांना मार्ग होता, सीमेसाठी २५ अब्ज डॉलर होते, आणि बेकायदा आणणाऱ्या आईवडिलांसाठी अर्ज करण्यावर बंदी होती. त्यांना परवानाही नव्हता.

ट्रम्प यांच्या पसंतीच्या विधेयकाला ३९च मतं पडली, पण त्यातलं कलम इथल्या आपल्या लोकांनी नीट वाचायला हवं होतं. कुटुंबाच्या आधारावरचं ग्रीन कार्ड जोडीदार आणि अल्पवयीन मुलांपुरतं ठेवायचं, असं ते होतं. म्हणजे सगळं नियमानं करून नागरिक झालेल्या मराठी इंजिनिअरलाही पुण्याहून आई-बाबांना कायमचं आणता आलं नसतं. ‘तो बेकायदा लोकांचा प्रश्न, आपला नाही’ असं मी अनेक दिवाणखान्यांत ऐकलं आहे, आणि दर वेळी मला वाईट वाटलं आहे. एच-४वर, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून आलेली आपली मुलं एकविसाव्या वर्षी कायद्याच्या बाहेर पडतात, आणि तोवर कायदेशीर असल्यामुळेच त्यांना डॅकाही मिळत नाही. फेब्रुवारी २०२४च्या सीमा विधेयकात या मुलांसाठी संरक्षण होतं, डॅकावाल्यांसाठी काही नव्हतं. तेही पडलं. मुलांचे दोन गट पाडून दोघांच्याही हाती काही आलं नाही.

सध्या बोललं जातं ते बहुधा हाउसच्या सदस्य सालाझार आणि एस्कोबार यांच्या डिग्निटी ॲक्टबद्दल, जुलै २०२५मध्ये पुन्हा मांडलेल्या. ड्रीमर्सना कायमचा मार्ग. २०२१च्या आधीपासून इथे असलेल्या बाकीच्यांना सात वर्षांचा दर्जा, सात हजार डॉलर हप्त्यांनी भरून, पुढे वाढवता येणारा, पण नागरिकत्व नाही. आईवडिलांचं कलम म्हणून ते बरं आहे. पण ते विधेयक आहे, आणि अशी विधेयकं गेली चोवीस वर्षं पडताना पाहिली आहेत. त्याच्या भरवशावर घराचा निर्णय घेऊ नका.

कारण तुमच्या बहिणीकडे सध्याच्याच कायद्यात एक दार आहे, आणि ते कुठल्याही तडजोडीपेक्षा मोठं आहे. नागरिक मुलगी २१ वर्षांची झाली की ती आईवडिलांसाठी अर्ज करू शकते. ते दोघे व्हिसावर, विमानतळावर शिक्का मारून आत आलेले आहेत. अशा आईवडिलांना मुदत उलटून राहिल्याबद्दल आणि परवान्याशिवाय काम केल्याबद्दल माफी असते. देश न सोडता, इथेच ग्रीन कार्ड मिळू शकतं. दहा वर्षांची बंदी लागत नाही, कारण ते बाहेर पडतच नाहीत. सीमा ओलांडून आलेल्यांचं तसं नाही. त्यांना बाहेर जावं लागतं, बंदी लागते, आणि तिच्यातून सूट मागायला नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदार किंवा आईवडील लागतात. मुलांना होणारा त्रास त्यात धरतच नाहीत.

राजकारण म्हणतं मुलगा निर्दोष, आईबाप दोषी. कायद्यात मात्र चार वर्षांनी आईवडिलांना कागद मिळू शकतात आणि मुलगा तिथेच राहतो. बहिणीनं भावासाठी केलेल्या अर्जाला दशकं लागतात, आणि मुदत उलटलेल्याला त्यातली माफी नाही. तो नागरिकाशी खरं लग्न करेल तर व्हिसावर आलेला असल्यामुळे त्यालाही इथेच ग्रीन कार्ड मिळू शकतं. दुसरी गोष्ट, अठरा वर्षांच्या आतला बेकायदा काळ मोजत नाहीत आणि डॅका चालू असतानाचाही मोजत नाहीत. त्याला डॅका पंधराव्या-सोळाव्या वर्षी मिळालं असेल आणि मध्ये खंड पडला नसेल, तर नोकरीच्या व्हिसाची वाट त्याच्यासाठी उघडी आहे का हे वकिलाला जरूर विचारा. सप्टेंबर २०२५पासून देशाबाहेरच्यांच्या नव्या एच-१बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लागल्यानं ती फार महाग झाली आहे, तरी विचारा.

ही चार वर्षं जपून काढायची आहेत. जुने पासपोर्ट, व्हिसाचं पान, प्रवेशाचा शिक्का, आय-९४ हा प्रवेशाच्या नोंदीचा कागद, यातलं काहीही फेकू नका. कायदेशीर प्रवेशाचा पुरावा तोच आहे. सापडत नसेल तर आत्तापासून सरकारी नोंदींतून काढायला घ्या. आयटिनवर, म्हणजे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्यांना मिळणाऱ्या कर क्रमांकावर, कर भरत राहा. नोकरीच्या आय-९ फॉर्मवर कधी ‘अमेरिकन नागरिक’ या चौकोनात खूण केली होती का, हे दोघांना एकांतात, न रागावता विचारा. नागरिक असल्याचा खोटा दावा ही कायमची बंदी आहे आणि तिला जवळपास माफी नाही. दोघांपैकी कुणाविरुद्ध पूर्वी हद्दपारीचा आदेश निघाला असेल तर हे सगळं गणित बदलतं, तेही वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. मुलगी तेव्हा शिकत असेल तर आर्थिक हमीसाठी दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक लागेल. तुम्ही तशा असाल आणि इथे राहत असाल तर ते तुम्हीच करू शकता.

‘आजच काहीतरी भरून टाकू, पुढचं पुढे’ असं सांगणाऱ्या एजंटापासून लांब राहा. फेब्रुवारी २०२५पासून धोरण असं आहे की कागद नसलेल्याचा अर्ज नाकारला गेला तर सहसा थेट हद्दपारीच्या खटल्याची नोटीस निघते. ज्याला हक्क नाही असा अर्ज करणं आता फुकटचं धाडस नाही, घर पणाला लावणं आहे.

आणि मुलाचं डॅका संपायच्या १२० ते १५० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज गेलाच पाहिजे. डॅकाविरुद्धचा टेक्सासचा खटला चालू असल्यामुळे नवे अर्ज अडले आहेत, नूतनीकरणं चालू आहेत. ते कुटुंब टेक्सासमध्ये राहत असेल तर कळवा. जानेवारी २०२५च्या अपील कोर्टाच्या निकालामुळे तिथे कामाच्या परवान्याचं वेगळं होऊ शकतं, त्याबद्दल मग वेगळं लिहीन.